चालू घराची दुरुस्ती

आई पडली तो मंगळवार होता. नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा, दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. जागा भिलाईच्या नेहरू नगरातल्या आमच्या घराचं मागचं दार. हॉलमधून धुण्याच्या जागेत उतरायला तिथं सात इंचांची एक पायरी आहे. घर विकायला काढण्याआधी जी कामं करून घ्यायचं ठरलं होतं त्यांचा तो चौतिसावा दिवस होता. आईचं डाव्या मांडीचं हाड खुब्याजवळ मोडलं.

वेळ पेंटरने सांगितलेली आहे. त्याने मला केलेला फोन चार वाजून बारा मिनिटांचा आहे, त्यामुळे ती धरून चालायला हरकत नाही.

आईला तेव्हा दिसत नव्हतं. काचबिंदू उशिरा कळला होता. आधी बाजूचं गेलं, मग समोरचं आवळत आलं, आणि गेल्या तीन वर्षांत उजेड आणि अंधार एवढाच फरक उरला होता. तरी घरात ती एकटी फिरायची. सकाळी सहाला उठून स्वतः अंघोळ, मग हॉलमध्ये बुद्धांच्या तसबिरीसमोर वंदना, मग स्वयंपाकघर. पोळ्या सोडल्या होत्या, कारण दोनदा तवा लागला होता. पण दुपारी चारचा चहा तिचाच असायचा. काठी नव्हती. कुणाचा हात नव्हता. पाहुण्यांना पहिल्या अर्ध्या तासात तिला दिसत नाही हे कळायचंच नाही, आणि कळल्यावर ते जे गडबडून जायचे त्याची तिला गंमत वाटायची.

हे शक्य होतं ते फरशीमुळे. घर चार हप्त्यांत बांधलेलं होतं. आधी दोन खोल्या, काही वर्षांनी स्वयंपाकघर, मग न्हाणीघर, शेवटी हॉल. बाबा तेव्हा स्टील प्लांटच्या क्वार्टरमध्ये राहत होते, आणि हातात जसं आलं तसं बांधत होते. दर वेळी फरशी वेगळी घेतली गेली आणि पातळी थोडी वर नाहीतर खाली गेली. हॉलमध्ये चिप्सची फरशी, स्वयंपाकघरात कोटा, मधल्या बोळात घोटलेलं सिमेंट, न्हाणीत खडबडीत दगड. प्रत्येक दाराला उंबरठा, आणि कुठलेच दोन उंबरठे सारखे नाहीत. आईच्या तळपायांना हे सगळं पाठ होतं. कोटा लागला की ती म्हणायची, "थंड लागलं, आली मी सैपाकघरात."

घर विकायचं कारण मी नागपूरला असते, हे. तिथल्या एका वर्तमानपत्रात मी पानं लावण्याचं काम करते. आईचे डोळ्यांचे डॉक्टर नागपूरचे, आणि बाबांना आता रात्रीची गाडी सोसत नव्हती. घर विकून माझ्याजवळ तळमजल्यावर एक लहान फ्लॅट घ्यायचा, असं दिवाळीच्या आधी ठरलं. ठरवलं मी आणि बाबांनी. आईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "तिथं मी किती दिवसात चालाले लागीन, ते सांगा." आम्ही एक महिना म्हटलं. कशाच्या आधारावर म्हटलं ते मला आठवत नाही.

दलाल नेहरू नगरातलाच. हायवेच्या बाजूला, कोचिंग क्लासच्या इमारतीत खाली त्याचं छोटं ऑफिस आहे. तो आला त्या दिवशी मी भिलाईत होते. त्याने आधी बूट काढले, मग सगळ्या खोल्यांतून एकदा चुपचाप फिरून आला. हॉलमधून बोळात जाताना उंबरठ्याला अडखळला.

"अंकल, मकान तो मजबूत है," तो म्हणाला. "लेकिन ऊँचा-नीचा बहुत है. ऐसे में आदमी जमीन का रेट देगा, मकान का नहीं."

बाबा म्हणाले, "जमीन के ऊपर जो है वो हवा है क्या?"

"आपके लिए नहीं है अंकल. खरीदने वाले के लिए हवा है."

त्याने सांगितलेली कामं अशी होती: सगळ्या घराला एका पातळीत टाइल्स, उंबरठे काढणं, नवीन न्हाणीघर, स्वयंपाकघरात कपाटं, हॉलमधलं सिमेंटचं शोकेस पाडणं, आणि रंग. हल्ली लोक आधी मोबाइलवर घर पाहतात, मग येतात, असं तो म्हणाला. मी मान डोलावली, कारण माझ्या कामात मी तेच पाहते. जाताना त्याने हॉलमधल्या तसबिरीकडे पाहिलं आणि आवाज जरा खाली आणला.

"अंकल, बुरा मत मानिए. कस्टमर हर तरह का आता है. हॉल न्यूट्रल रहे तो अच्छा."

"तस्वीर यहीं रहेगी," बाबा म्हणाले. "जिसको तकलीफ है उसको मकान मत दिखाना."

आई आतून म्हणाली, "चहा घेऊन जा म्हणा त्याले. न्यूट्रल आहे, साखर कमी."

दलाल हसला आणि चहा प्यायला थांबला. त्याच्याबद्दल मला काही तक्रार नोंदवायची नाही. त्याने सांगितलेलं सगळं पुढे खरं ठरलं.

बाबांनी कामाला होकार दिला तो एका अटीवर. काम काहीही करा, पण हिचं एकटीनं चालणं मोडलं नाही पाहिजे. ही अट त्यांनी दलालाला, टाइल्सवाल्याला, प्लंबरला आणि मला वेगवेगळी सांगितली. दुसरी कुठलीच अट नव्हती. टाइल्सचा रंगसुद्धा मी निवडला.

आईची धाकटी बहीण दुर्गला पद्मनाभपुरात राहते. तिची वरची खोली रिकामी होती. काम संपेपर्यंत दोघांनी तिथं राहावं असं सांगायला ती मुद्दाम आली. बाबांनी नाही म्हटलं. त्यांचं कारण समजायला त्यांची नोकरी सांगावी लागेल.

बाबा कोक ओव्हनला वीटकाम करणारे मिस्त्री होते, छत्तीस वर्षं. दगडी कोळशाचा कोक करण्याच्या उंच, अरुंद भट्ट्या एकीला एक लागून असतात. त्या अख्ख्या रांगेला बॅटरी म्हणतात. बॅटरी एकदा तापवली की ती बंद करत नाहीत, कारण थंड झाली तर भिंतींची वीट तडकते आणि मग सगळीच गेली. त्यामुळे भिंत खराब झाली तर दुरुस्ती गरम असतानाच करायची. एक भट्टी रिकामी करतात, शेजारच्या चालू ठेवतात, आणि मिस्त्री जाड कपडे घालून काही मिनिटं आत जातो, चार विटा लावतो, बाहेर येतो, दुसरा आत जातो. याला हॉट रिपेअर म्हणतात. बाबांना त्यात मान होता. निवृत्त झाल्यावरही त्यांना बोलावणी येत.

"घर थंड होऊ द्यायचं नाही," ते मावशीला म्हणाले. "एक खोली रिकामी करू, बाकीच्या चालू ठेवू. एक झाली का दुसरी. ही घरातच राहीन. सवय सुटली का तडा जाते."

"भाऊजी, घर आहे का बॅटरी आहे?" मावशी म्हणाली.

आई म्हणाली, "यायले रिटायर होऊन बारा वर्षं झाले, पण ड्युटी काई सुटली नाही."

"मंग बाई, तुही शिफ्ट कोणती?"

"मी तर जनरल शिफ्ट. चहा करते अन् बसते."

त्यावर तिघंही हसले. मी पण हसले. बाबांचं म्हणणं मला त्या वेळी पटलं होतं, हे नोंदवून ठेवते. आंधळ्या माणसाला घराबाहेर काढू नये, हे कुणालाही पटलं असतं. नंतर हॉस्पिटलात एका फिजिओथेरपिस्टने सांगितलं की असं खोली-खोलीने बदलण्यापेक्षा सगळं एकदम बदलून, मग हाताला धरून नव्याने शिकवलेलं बरं असतं. माणूस एक खोली शिकतो तोवर दुसरी जाते. तोपर्यंत आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्ही कुणाला विचारलं नव्हतं.

काम ऑक्टोबरच्या अखेरीला मागच्या खोलीपासून सुरू झालं. रोज सकाळी नऊला मिस्त्री आणि दोन मजूर यायचे. जुन्या फरशीवर मसाला टाकून पातळी एक करायची आणि वर मोठ्या, गुळगुळीत टाइल्स. बाबा खुर्ची टाकून तिथंच बसायचे. टाइल्सचा मिस्त्री पहिल्या आठवड्यात वैतागला होता. तो मला फोनवर म्हणाला, "दीदी, अंकल लेवल में आधा सूत नहीं छोड़ते. इतना तो प्लांट में भी नहीं होता होगा." मी म्हटलं, प्लांटमध्ये याहून जास्त होतं.

मागची खोली झाली तेव्हा आई पहिल्यांदा त्यात गेली आणि दारातच थांबली. बाबांनी हे मला फोनवर सांगितलं. तिने उजवा पाय पुढे सरकवला, मागे घेतला, पुन्हा सरकवला. मग म्हणाली, "अवो, इथं काहीच नाही."

"काय नाही?"

"काहीच नाही. सगळं सारकंच आहे. पाय कुठं आहे तेच नाही समजत."

तीन दिवसांनी ती खोली तिला जमली. पलंगापासून दार पाच पावलं, दारापासून कपाट चार. मग न्हाणीघर गेलं, ते जमायला आठवडा लागला. मग बोळ आणि स्वयंपाकघर. कोट्याचा थंडावा गेला. उंबरठे गेले. या काळात तिचं चालणं हळू झालं होतं, हात पुढे राहायला लागला होता, पण ती एकटीच चालत होती. स्वयंपाकघर झाल्यावर दुसऱ्याच दिवशी तिने नव्या ओट्यावर चहा केला आणि साखरेऐवजी मीठ घातलं, कारण डब्यांच्या जागा बदलल्या होत्या. बाबांनी तो चहा प्यायला. तिला कळलं ते तिने स्वतः घोट घेतल्यावर. "अन् तुमी गपगप पिऊन राहिले," ती म्हणाली. "असे कसे हो तुमी?"

हॉल शेवटी होता. हॉलमधली चिप्सची फरशी जाणार हे ठरलं तेव्हा बाबांनी एक युक्ती केली. ती त्यांनी मला एका रविवारी फोनवर सांगितली.

"हॉट रिपेअरमधी माप कोणत्या भिंतीवरून घेतेत, माहीत आहे? जिले हात लावला नाही तिच्यावरून. एक भिंत सोडून द्यायची. बाकी सगळं तिच्यावरून मोजायचं. मी हिले तसबीर देल्ली. तसबीर जागची हलणार नाही. तिच्या खाली उभं राहायचं, फ्रेम हातानं पायची, पाठ फिरवायची, अन् सरळ दहा पावलं. हाताले चौकट लागली का सैपाकघर."

मी "हो" म्हटलं. फोन अकरा मिनिटं चालला, मोबाइलमध्ये नोंद आहे. मी त्या वेळी ऑफिसात होते आणि समोर पान होतं. ऐकलं होतं हे मला पक्कं आठवतं.

तसबीर हॉलच्या लांब भिंतीवर होती, पण मधोमध नव्हती. तिच्या शेजारी पूर्वी सिमेंटचं शोकेस होतं, त्यामुळे बांधतानाच ती एका अंगाला घेतली होती. योगायोगाने ती समोरच्या भिंतीतल्या स्वयंपाकघराच्या दाराच्या बरोबर समोर येत होती. त्या समोरच्या भिंतीत दोन दारं आहेत, एकमेकांना लागून. एक स्वयंपाकघराचं, एक मागे धुण्याच्या जागेत उतरणारं. मागचं दार कायम बंद असायचं. धुण्याची जागा दलालाच्या कामांत नव्हती, त्यामुळे तिथली पायरी तशीच राहिली. दोन्ही चौकटींना मात्र एकसारखं नवं पॉलिश झालं.

आईला नवा हॉल चार दिवसांत जमला. फरशीचा आधार नसताना जमलेली ती पहिली मोठी खोली होती. मावशी भेटायला आली तेव्हा आईने तिला सोफ्यावर बसवलं, तसबिरीकडे गेली, फ्रेमला हात लावला, वळली आणि दहा पावलांत स्वयंपाकघरात जाऊन पाणी घेऊन आली. मावशीने मला फोन केला. "अवं, तुह्या आईनं मले परेड करून दाखवली."

हा फोन शनिवारचा. सोमवारी हॉलला रंग लागला. मंगळवारचा क्रम मी नंतर पेंटर, प्लंबर आणि बाबा यांच्याकडून वेगवेगळा विचारून घेतला. तिघांच्या सांगण्यात फरक नाही.

मंगळवारी अकराला बाबा बँकेत गेले. नोव्हेंबर महिना पेन्शनवाल्यांच्या हयातीच्या दाखल्याचा असतो आणि रांग मोठी होती. जाताना त्यांनी पेंटरला सांगितलं की रंग वाळला की तसबीर त्याच खिळ्याला लावायची. पेंटरने साडेबाराला ती त्याच खिळ्याला लावली. दुसऱ्या दिवशी दलालाचा माणूस घराचे फोटो काढायला येणार होता, म्हणून भिंत कशी दिसते ते पाहायला पेंटरने मोबाइलवर एक फोटो घेतला आणि मला पाठवला. मी तसं त्याला सांगून ठेवलं होतं.

बारा वाजून बावन्न मिनिटांनी मी उत्तर पाठवलं: "अच्छा है. तस्वीर बीच में कर दो, एक साइड लग रही है."

शोकेस गेल्यामुळे ती खरोखरच एका अंगाला वाटत होती. पानावर फोटो असा लागला असता तर मी तो मधे घ्यायला सांगितला असता. मी तेच केलं.

पेंटरने विचारलं, "अंकल ने तो वही कील बोला था?"

मी लिहिलं, "मैं बोल दूँगी उनको."

मी बोलले नाही. दुपारची बैठक होती. पेंटरने नवा खिळा ठोकला, तसबीर लावली, जुन्या भोकात पुट्टी भरून त्यावर रंगाचा हात फिरवला. त्याचं काम नीट होतं. रंगाचा वास जावा म्हणून त्याने मागचं दार उघडून ठेवलं.

बाबा साडेतीनला परत आले. गच्चीवर टाकीचं काम चालू होतं आणि जिना बाहेरून आहे. ते घरात न येता आधी वर गेले. आई मागच्या खोलीत झोपली होती. चारच्या सुमारास उठली, भिंतीच्या कडेने हॉलमध्ये आली, तसबिरीची फ्रेम हाताला लागेपर्यंत गेली. पेंटर त्या वेळी खिडकीच्या गजांना रंग देत होता. आईला तो त्याच्या छत्तीसगढीत दाई म्हणायचा. त्याने पाहिलं की दाईने तसबिरीला हात लावला, वळली आणि चालायला लागली. रोज पाहत होता, म्हणून त्याने पुन्हा खिडकीकडे तोंड केलं.

दहा पावलं. हाताला चौकट लागली. तिने पाय आत टाकला.

पेंटरचा फोन आला तेव्हा तो हिंदी विसरून छत्तीसगढीत बोलत होता. "दीदी, दाई गिर गे," एवढंच दोनदा म्हणाला. नंतर मी त्याला विचारलं की पडल्यावर ती काय बोलली. ओरडली नाही, असं तो म्हणाला. बाबा खाली येईपर्यंत ती एकच विचारत होती: "सैपाकघर कुठं गेलं?"

मी रात्री पोचले. शस्त्रक्रिया तिसऱ्या दिवशी झाली, हाडात रॉड बसवला. डॉक्टर म्हणाले, नीट झालं आहे. बाबा त्या तीन दिवसांत फक्त एकदा घरी जाऊन आले. गेले तेव्हा सोबत स्टीलची टेप घेऊन गेले होते, हे मला मागाहून कळलं. जुना खिळा ते नवा खिळा: तीन फूट सात इंच. स्वयंपाकघराच्या दाराचा मध्य ते मागच्या दाराचा मध्य: तीन फूट आठ. आकडे त्यांनी हॉस्पिटलच्या औषधांच्या चिठ्ठीमागे लिहिले होते. चिठ्ठी मला त्यांच्या खिशात मिळाली, मी औषधं आणायला निघाले तेव्हा.

मी कॉरिडॉरमध्ये त्यांना सांगितलं, "बाबा, तसबीर मी हलवायला सांगितली होती."

"माहीत आहे. त्यानं मेसेज दाखवला."

"तुमी मले सांगतलं होतं."

"हाव," बाबा म्हणाले. मग म्हणाले, "मी वर जायच्या आधी एकदा अंदर पायले पाहिजे होतं. काम सोडून गेलं का परत आल्यावर पयले ज्या भिंतीवरून माप घेतलं ते पायते माणूस. मी पायलं नाही."

त्यानंतर त्यांनी माझ्याकडे औषधाची चिठ्ठी मागितली आणि जाताना म्हणाले, "तिले सांगू नको."

आईला सांगितलं नाही. तिला भुलीतून बाहेर येऊन दोन दिवस झाल्यावर ती मावशीला जे म्हणाली ते मी पलंगाशेजारी बसून ऐकलं.

"माह्याच मोजण्यात चुकलं. नऊ झाले असतीन का अकरा झाले असतीन."

"जाऊ दे न बाई. होते असं."

"होत नव्हतं. आतापर्यंत कधी चुकलं नव्हतं. आता भरोसा नाही."

मावशीने माझ्याकडे पाहिलं. तिला माहीत होतं. पेंटरने सगळ्यांना सांगितलं होतं.

बावीस दिवसांनी आईला घरी आणलं. वॉकर धरून, बाबांचा हात काखेत, अशी ती हॉलमध्ये आली. तसबीर जुन्या जागी गेली होती, आई पडली त्याच रात्री बाबांनी ती परत लावली होती. आई तिच्यापर्यंत गेली नाही. फिजिओथेरपीवाली बाई रोज यायची. हाड जुळत होतं, पायात जोर येत होता. धरून नेलं तर ती पूर्ण हॉल चालायची. हात सोडला की थांबायची. कितीही वेळ थांबून राहायची, पण पाय उचलायची नाही.

घराचे फोटो डिसेंबरात निघाले. घर फेब्रुवारीत विकलं गेलं. दलालाने आधी जो भाव सांगितला होता त्यापेक्षा चांगला भाव आला, आणि त्याने स्पष्ट सांगितलं की टाइल्स आणि मोकळ्या हॉलमुळे आला. घेणारे नवरा-बायको दोघं नोकरीवाले, एक लहान मुलगी. मुलगी नव्या फरशीवर मोजे घालून घसरत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. तिची आई "धीरे, धीरे" म्हणत राहिली. बाबा मागच्या दारापाशी उभे होते. त्यांनी त्या दाराला आधीच कुलूप घातलं होतं. किल्ली देताना ते म्हणाले, "यहाँ एक स्टेप है. बच्ची को बता देना."

मार्चमध्ये आम्ही नागपूरला आलो. फ्लॅट तळमजल्यावर आहे, दोन खोल्या, सगळीकडे एकच फरशी, एकच पातळी. तसबीर पलंगासमोर लावली. आई वंदना बसून करते. चहा बाबा करतात. पहिल्या आठवड्यात त्यांनी तिला दारापर्यंतची पावलं मोजून दिली, दुसऱ्या आठवड्यात पुन्हा दिली. ती ऐकून घ्यायची. पाठ पण झाली होती तिला, विचारलं तर सांगायची. पण चालायची नाही.

एप्रिलच्या एका दुपारी बाबा बँकेत गेले होते. मी आईला सांगितलं. मला वाटलं होतं, तिला कळलं की तिचं मोजणं बरोबर होतं, तर ती चालेल. मी सगळं क्रमाने सांगितलं. पेंटरचा फोटो, माझा मेसेज, मधे घेतलेली तसबीर, उघडं दार. मी म्हटलं, "आई, तू दहाच पावलं चालली होती. तुझी चूक नव्हती."

ती पलंगाच्या कडेवर बसली होती. तिने विचारलं, "तुमच्या पेपरात चूक झाली तर खुलासा छापतेत ना तुमी?"

"हो."

"किती दिवसांनी छापतेत?"

"दुसऱ्या दिवशी."

"मंग तुले कावून एवढे दिवस लागले?"

मी बाबांचं नाव सांगितलं नाही. ती म्हणाली, "त्यायनं सांगतलं असन नको म्हणून. हाव ना?"

मी हो म्हटलं. ती थोडं हसली, आणि मग हात पुढे करून माझा हात शोधला. मनगटापासून कोपरापर्यंत चाचपला, लहानपणी ताप पाहायची तसा.

"मले वाटलं, मी चुकली," ती म्हणाली. "थे बरं होतं. माही चूक असती तर मी अजून नीट मोजलं असतं. आता मी बरोबर मोजलं, तरी काय? कोणी काय हलवलं, थे मले कसं समजन?"

मी म्हटलं, "इथं कोणी काही हलवणार नाही."

"हाव," ती म्हणाली. "पाणी दे थोडं."

मी आईला हे सांगितलं की नाही, असं बाबांनी मला कधी विचारलं नाही. त्या संध्याकाळी आईने त्यांना सांगितलं असावं, असा माझा अंदाज आहे. खात्री करता आलेली नाही.

फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून तीनदा येतात. ते एक तक्ता भरतात. त्यात सात ओळी आहेत: बसणं, उठणं, उभं राहणं, पायाचा जोर, आधाराने चालणं, पायरी, आणि आधाराशिवाय चालणं. गेल्या सोमवारची नोंद मी पाहिली. पहिल्या सहा ओळींसमोर "हो" आहे. सातव्या ओळीसमोर त्यांनी लिहिलं आहे: "शक्य, पण करत नाहीत."